माळावरची शेंगवर्गीय रानफुलं : ओळख कशी पटवावी

औंढा नागनाथच्या भोवतीचे डोंगर, सेनगाव तालुक्यातली माळरानं आणि कळमनुरीकडून पैनगंगेकडे उतरणारे खडकाळ पट्टे यांना सह्याद्रीची उंची नाही. काळ्या पाषाणाचे हे बुटके डोंगर. अंगावर कुठं वीतभर माती, कुठं तेवढीही नाही, नुसता मुरूम. उन्हाळ्यात पाहिलं तर इथं काही उगवत असेल असं वाटत नाही. मृगाचा पाऊस पडून गेला, श्रावण सरला आणि गवत गुडघ्याला लागलं, की त्याच गवताच्या बुडाशी तांबडी, पिवळी, जांभळी बारीक फुलं उमलतात. त्यातली बरीचशी तूर, मूग, हरभऱ्याच्या घराण्यातली, म्हणजे शिंबावंत कुलातली असतात. साताऱ्याच्या कास पठारावर फुलं बघायला लोक गाड्या भरून जातात आणि ते पठार त्या मानाचं आहेच. पण हिंगोलीकरानं आपल्या गावच्या माळावर तासभर खाली बसून पाहावं, इतकं इथंही आहे. शाळेतले शिक्षक, बी.एस्सी.ची मुलं, गुरं राखणारे, शेतकरी अशा सगळ्यांना उपयोगी पडेल असं काही इथं सांगतो.

सांगण्याचं सार आधीच देतो. ही झाडं फुलाच्या रंगावरून ओळखायला जाऊ नका. एकाच घराण्यातली, एकाच आकाराची, चार-पाच मिलिमीटरची फुलं. त्यांच्या रंगांत गोंधळ होणारच. आधी पान पाहा, पानावरचे केस पाहा आणि सगळ्यांत जास्त विश्वास शेंगेवर ठेवा.

ही झाडं भुईला का चिकटतात

डोंगरावरच्या बुटक्या शेंगवर्गीय फुलांची चर्चा जगात बहुतेक वेळा उंच, थंड प्रदेशांबद्दल होते. लडाखमध्ये ॲस्ट्रागॅलस आणि ऑक्सिट्रॉपिस या प्रजातींची झाडं दाट गुच्छ करून दगडांच्या आडोशाला वाढतात. ॲस्ट्रागॅलस ही तर सपुष्प वनस्पतींतली सर्वांत मोठी प्रजाती. तिच्यात सुमारे तीन हजार जाती मोजल्या जातात. तिथं झाड बुटकं राहतं ते थंडी आणि वाऱ्यामुळं. आपल्याकडं कारण वेगळं. पातळ मातीत ओल थोडे दिवस टिकते, ऑक्टोबरचं ऊन खडक तापवतं आणि वर्षभर शेळ्या-मेंढ्यांची तोंडं चालू असतात. अशा ठिकाणी वर वाढणारा शेंडा खुडला जातो. ज्या झाडाच्या फांद्या मुळाच्या माथ्यापासून चारी दिशांना जमिनीवर पसरतात आणि ज्याचे नवे डोळे अगदी मातीच्या पातळीवर असतात, ते टिकतं. यांतल्या बहुवर्षायू जातींचं मूळ झाडाच्या मानानं फार लांब आणि लाकडी असतं. वरचा भाग चैत्रात वाळून गेला तरी खालचं खोड जिवंत राहतं आणि पहिल्या पावसाला फुटतं. वर्षायू जातींचं तसं नाही. त्यांना तीन-साडेतीन महिन्यांत फूल, शेंग आणि बी सगळं उरकायचं असतं.

इथं एक सावधगिरी हवी. झाड पसरलेलं आहे की उभं, ही खात्रीची खूण नव्हे. चराईच्या माळावर जमिनीला टेकून वाढलेली जात राखीव कुरणातल्या उंच गवतात उजेडासाठी सरळ वर चढलेली दिसते. एकाच जातीचं झाड धुऱ्यावर हातभर आणि टेकडीच्या माथ्यावर चार बोटं असू शकतं. म्हणून उंचीची नोंद करा, पण तिच्यावर नाव ठरवू नका.

खाली बसण्याआधी

योग्य काळ म्हणजे पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा. भाद्रपदात फुलं जास्त आणि शेंगा कोवळ्या असतात. आश्विनात फुलं ओसरतात, शेंगा पिकतात. ओळखीसाठी दोन्ही वेळा त्याच जागी गेलं तर उत्तम. एकदाच जाणं शक्य असेल तर आश्विनाचा पहिला पंधरवडा निवडा, तेव्हा एकाच फांदीवर फूल आणि शेंग दोन्ही सापडतात. जायचं सकाळी. यांतली बरीच फुलं सकाळी ताजी असतात आणि दुपारच्या उन्हात मिटतात किंवा गळतात.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, टाचणी, वही आणि जुनी वर्तमानपत्रं घ्या. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि तो मोठा करून पाहा. गुडघे टेकण्याआधी काठीनं गवत हलवा, दगड हातानं उचलू नका. मुरमाड माळ ही फुरशाची आणि विंचवाची जागा आहे, आणि पावसाळ्यानंतरच्या दिवसांत फुरसं दगडाच्या सावलीला बसलेलं असतं. पायात बूट हवेतच.

आधी घराणं ओळखा

शिंबावंत कुल फार मोठं आहे. सूर्यफुलाचं आणि ऑर्किडांचं कुल सोडलं तर सपुष्प वनस्पतींमध्ये याचाच क्रमांक लागतो. जगात याच्या सुमारे १९,५०० जाती आहेत. २०१७ साली जगभरच्या अभ्यासकांनी मिळून याची सहा उपकुलं मांडली. माळावर बसलेल्याला मात्र जुनी तीन गटांची वाटणी अजूनही कामाला येते : पळसाच्या फुलासारखी फुलं असणारा पलाश गट, तरोट्यासारखा संकेश्वर गट आणि बाभूळ-लाजाळूचा शिरीष गट. भुईलगतची बहुतेक रानफुलं पहिल्या गटातली.

पलाश गटाच्या फुलाचा सराव माळावर जाण्याआधी घरीच करा. परसातल्या चवळीचं किंवा वालाचं फूल घ्या आणि पाकळ्या एकेक करून सोडवा. वरची मोठी, रुंद पाकळी म्हणजे ध्वज. कळी असताना ती बाकीच्या चौघींना बाहेरून झाकून असते. दोन्ही बाजूंना दोन पंख. खालच्या दोन पाकळ्या कडेनं जुळून त्यांची नाव झालेली असते. त्या नावेत दहा पुंकेसर दडलेले. बहुधा नऊ जण तळाशी जुळलेले आणि एक सुटा. मध्ये एकच अंडाशय, तोच पुढे शेंग होतो. हे एकदा बोटांनी उलगडलं की माळावरचं पाच मिलिमीटरचं फूलही वाचता येतं.

तरोट्याच्या गटात ही रचना नाही. तिथं पाच पिवळ्या पाकळ्या जवळजवळ सारख्या आणि पसरट असतात, नाव नसते. माळावर सरपटणारी कॅमिक्रिस्टा प्युमिला याच गटातली. तिची पर्णिका इतकी बारीक, की दुरून लाजाळूच वाटते, पण फूल पाहिलं की शंका राहत नाही. शिवाय पानाच्या देठावर देठ असलेली एक छोटी ग्रंथी असते, ती भिंगाखाली दिसते.

पानाकडे पाहताना तीन गोष्टी तपासा. पहिली, पानं फांदीवर एकाआड एक आहेत ना? या कुलात ती तशीच असतात. दुसरी, पानाच्या देठाच्या तळाशी दोन बाजूंना उपपर्णं, म्हणजे बारीक पानासारखे दोन तुकडे आहेत ना? काही जातींत ती इतकी लहान असतात की वाळल्यावर नुसते काटे राहतात. तिसरी, देठाच्या बुडाशी किंचित फुगीर सांधा आहे का? याच सांध्यामुळं रात्री पानं मिटतात. संध्याकाळी माळावर असाल तर पुढे वर्णन येणाऱ्या रानमेथीची आणि भुईगुळीची पानं मिटू लागलेली पाहायला मिळतील.

शेंग फसवत नाही

या घराण्याची ओळखच शेंग आहे, पण शेंग म्हणजे प्रत्येक वेळी तुरीसारखी लांब, दोन फाकांत उकलणारी असं नाही. माळावर शेंगेची इतकी रूपं आहेत की नुसत्या शेंगा गोळा करून कागदावर मांडल्या तरी निम्म्या प्रजाती वेगळ्या होतात.

पहिला प्रकार नेहमीचा : लांबट, दोन्ही शिवणींवर फाटणारी शेंग. वाळली की तिच्या फाका पिळवटतात आणि बी दूर उडतं. उन्हाळी आणि रानमटकी या झाडांची शेंग अशी (इथल्या नावांची वर्णनं पुढे येतील). दुसरा प्रकार सांध्यांच्या शेंगेचा. तिच्यात प्रत्येक बीजाचं वेगळं घर असतं, आणि पिकल्यावर शेंग उकलण्याऐवजी सांध्यांवर तुटते. एकेक तुकडा गळून पडतो किंवा शेळीच्या केसांना, आपल्या पायजम्याला चिकटून दुसरीकडं जातो. शेवरा, रानमेथी, झोर्निया, कावळा या सगळ्यांची शेंग सांध्यांची. तिसरा प्रकार फुगीर, पोकळ शेंगेचा. बिया पिकून सुटल्या की हलवल्यावर आवाज येतो, आणि म्हणून त्या प्रजातीला, म्हणजे क्रोटालारियाला, खुळखुळा म्हणतात. चौथा प्रकार नवख्याला शेंगच वाटत नाही : मोहरीएवढी गोल गोळी, आत एकच बी. ती इंडिगोफेरा लिनिफोलियाची.

म्हणून फूल कितीही सुंदर असलं तरी शेंग मिळेपर्यंत नाव लिहू नका. वहीत ‘शेंग पाहायची आहे’ असं लिहून ती जागा लक्षात ठेवा आणि पंधरा दिवसांनी परत या.

निळीच्या घराण्यातल्या तांबड्या जाती

हिंगोलीच्या मुरमाड उतारावर भुईलगत तांबडी बारीक फुलं दिसली तर पहिला विचार इंडिगोफेरा प्रजातीचा करा. ज्या झाडापासून नीळ काढत तीच ही प्रजाती. तिची सगळ्यांत भरवशाची खूण फुलात नाही, केसांत आहे. पानाच्या खालच्या बाजूला भिंग धरा. इतर झाडांचा केस एका टोकाला पानात रुतलेला असतो. इंडिगोफेराचा केस मध्यावर चिकटलेला असतो आणि त्याची दोन्ही टोकं मोकळी, पानालगत आडवी पडलेली असतात. टाचणीनं एक टोक ढकललं तर दुसरं विरुद्ध दिशेला सरकतं. ही परीक्षा फूल-शेंग काहीच नसतानाही चालते, म्हणून ती शिकून घेण्यासारखी आहे.

फुलातही एक गंमत आहे, ती मुलांना जरूर दाखवा. ताज्या फुलाच्या नावेवर गवताच्या काडीनं हलकेच दाब द्या. नाव झटक्यानं खाली पडते आणि आतले पुंकेसर ताठ उभे राहतात. मधमाशी बसली की हेच घडतं, आणि तिच्या पोटाला पराग लागतो. नाव एकदा पडली की परत वर येत नाही. त्यामुळं पुंकेसर उघडे पडलेलं फूल म्हणजे कीटक येऊन गेलेलं फूल, हे सरळ वाचता येतं. रानमेथीच्या फुलातही अशीच रचना असते.

या प्रजातीच्या चार जाती नीट वेगळ्या करता आल्या पाहिजेत. भुईगुळी, म्हणजे इंडिगोफेरा लिनाय, हिचं पान संयुक्त. पाच ते नऊ पर्णिका, आणि त्या मधल्या शिरेवर समोरासमोर नसून एकाआड एक. फुलांचे छोटे दाट झुबके पानांच्या बेचक्यात, शेंगेत दोन बिया. दुसरी लिनिफोलिया : पान साधं, जवसासारखं अरुंद, सगळं झाड चांदीसारख्या केसांनी पांढुरकं, शेंग ती वर सांगितलेली गोल गोळी. तिसरी कॉर्डिफोलिया : पान साधं पण रुंद, बुडाशी हृदयाकार, जेमतेम सेंटिमीटरभर, जवळजवळ देठाशिवाय. चौथा बरबडा, इंडिगोफेरा ग्लँड्युलोजा. हा पसरट कमी आणि उभट जास्त, पण माळाच्या कडेला आणि पडीक वावरात असतोच. याची तीन पर्णिकांची पानं उलटी करून पाहा. खाली बारीक काळपट ग्रंथींचे ठिपके दिसतात. गुरं तो आवडीनं खातात, आणि दुष्काळाच्या काळात त्याच्या बिया दळून लोकांनीही खाल्ल्या आहेत.

कॉर्डिफोलियाला काही भागांत गोधडी म्हणतात, आणि तेच नाव क्रोटालारिया हेबेकार्पा या वेगळ्या झाडालाही आहे. दोन्ही भुईवर पसरतात, दोघांची पानं साधी आणि लहान. म्हणून नुसत्या ‘गोधडी’ या नोंदीला अर्थ उरत नाही. हेबेकार्पाचं फूल पिवळं, पान तळाशी तिरकं आणि अंगावरचे केस लांब, उभे; कॉर्डिफोलियाचं फूल तांबडं, केस दुतोंडी आणि आडवे.

शेवरा, रानमेथी आणि दोन पानांची झोर्निया

कुसळी, पवन्या, मारवेल यांच्या गवतात मिसळून वाढणारा शेवरा म्हणजे अॅलिसिकार्पस प्रजाती. गुराख्याला तो ओळखायला शिकवावं लागत नाही, कारण जनावर आपणहून तिकडे वळतं. आपल्या कुरणातला हा फार मोलाचा चारा आहे; गवतात जी प्रथिनं कमी पडतात ती यातून मिळतात. त्याचं पान बहुधा एकाच पर्णिकेचं असतं. मात्र पानावर जाऊ नका, कारण एकाच झाडावर बुडाशी गोल आणि शेंड्याकडे लांब अरुंद पानं असू शकतात. जात ठरवायला शेंग आणि तिच्या बुडाशी राहिलेला वाळका पुष्पकोश पाहा. जमिनीला टेकून पसरणाऱ्या अॅलिसिकार्पस मोनिलिफरची शेंग दोन बियांच्या मध्ये आवळलेली असते, ओवलेल्या मण्यांच्या माळेसारखी. अॅलिसिकार्पस व्हजायनॅलिसची शेंग सलग, सांधे दिसतात पण शेंग आवळत नाही, आणि कोश आखूड. टेट्रागोनोलोबसची शेंग चौकोनी धारांची. उंच वाढणाऱ्या काही जातींत कोश कोरडा, कडक आणि शेंगेला बराचसा झाकणारा असतो.

रानमेथी ही सगळ्यांत बुटकी म्हणता येईल अशी जात. डेस्मोडियम ट्रायफ्लोरम हे तिचं रूढ नाव, अलीकडच्या पुस्तकांत ग्रोना ट्रायफ्लोरा. ओलसर जागी, तळ्या-धरणांच्या काठच्या गवतात, देवळाच्या आवारात ती शोधा. सेंटिमीटरपेक्षा लहान तीन पर्णिका, टोकाशी किंचित खाचलेल्या. फांदीच्या पेरांना मुळं फुटलेली. पानाच्या बेचक्यात एक ते पाच जांभळी फुलं. शेंगेची एक कड सरळ आणि दुसरी सांध्यांवर कापलेली.

झोर्नियाची ओळख सोपी. देठाच्या टोकाला दोनच पर्णिका, आणि पिवळं फूल दोन पानांसारख्या तुकड्यांच्या कवेत बसलेलं. शेंगेच्या सांध्यांवर आखूड कुसं. तिच्याशी गल्लत होते ती स्टायलोची. चाऱ्यासाठी आणि पाणलोटाच्या कामात बांधांवर पेरलेलं हे बाहेरून आणलेलं झाड, पिवळ्याच फुलांचं, आता ठिकठिकाणी आपणहून पसरलं आहे. स्टायलोला तीन पर्णिका असतात, एवढं पाहिलं तरी पुरे. त्याची नोंद रानफुलांच्या यादीत करताना ‘लावलेलं किंवा पसरलेलं’ असं जरूर लिहा.

पाणथळ जागी, डबक्यांच्या काठी कावळा शोधा, म्हणजे स्मिथिया प्रजाती. पान हलवलं की मिटतं, पर्णिकांच्या कडेला ताठ केस, फूल पिवळं. हिची शेंग दिसतच नाही, कारण ती घडी घालून पुष्पकोशाच्या आतच बसलेली असते. टाचणीनं कोश उघडा, म्हणजे एकावर एक दुमडलेले सांधे सापडतात.

पिकांचे रानातले नातेवाईक

शेतकऱ्यानं ज्या दोन झाडांकडं आवर्जून पाहावं ती म्हणजे रानमटकी आणि रानतूर. रानमटकी, व्हिग्ना ट्रायलोबाटा, मूग-मटकीच्या प्रजातीतली. तिच्या पर्णिकेला तीन खोल खंड, पिवळी फुलं लांब दांड्याच्या टोकाशी, आणि उपपर्णं मोठी. ही उपपर्णं खोडाला कडेनं न चिकटता मधल्या भागानं चिकटलेली असतात.

रानतूर, कजानस स्काराबॉइडिस, गवतावर सरपटत किंवा झुडपावर चढत जाते. सगळ्या अंगावर मऊ केस, तीन पर्णिका, पिवळं फूल. आणि लहान केसाळ शेंगेवर दोन बियांच्या मध्ये आडव्या खाचा. हिला तण म्हणून फेकू नये असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्या तुरीच्या सुधारणेत हिचा प्रत्यक्ष हात आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेत आणि देशातल्या इतर केंद्रांत तुरीचे संकरित वाण करण्यासाठी नरवंध्य वाणांची गरज होती. त्यातला एक प्रकार या रानतुरीच्या पेशीद्रव्यातून मिळाला, आणि त्याच्या आधारे केलेला जीटीएच-१ हा संकरित वाण २००४ साली गुजरातमध्ये प्रसारित झाला. घाटेअळीला तोंड देण्याचे गुणही संशोधक याच रानतुरीत शोधतात.

उन्हाळी, म्हणजे टेफ्रोशिया पर्प्युरिया, ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. एक पर्णिका दोन्ही टोकांना धरून ओढा. ती सरळ न फाटता बाणाच्या टोकासारखी तिरकी तुटते. तिच्यातल्या समांतर शिरांमुळं असं होतं. शरपुंखा हे संस्कृत नावही तिचंच. गुरं तिला फारसं तोंड लावत नाहीत, त्यामुळं अति चराईच्या माळावर ती वाढत जाते. एखाद्या गायरानात उन्हाळी आणि तरोटाच उरला असेल आणि शेवरा दिसत नसेल, तर त्या गायरानाला दोन पावसाळे विश्रांती द्यायची वेळ आली आहे, असं समजावं.

फसवणारे शेजारी

आंबुशीला तीन हृदयाकार पर्णिका असतात, म्हणून ती रानमेथी वाटते. पान चावून पाहा, आंबट लागलं की आंबुशी. सराट्याचं पान संयुक्त आणि फूल पिवळं, पण पानं समोरासमोर आणि फळ काटेरी. भुईआवळ्याची बारीक पानं संयुक्त पानासारखी दिसतात. खरं तर ती एकेक सुटी पानं असतात आणि खाली फळं लटकतात. सगळ्यांत मोठी फसगत पॉलिगालाची. त्याच्या फुलाला पंख आहेत, नाव आहे, रूप अगदी पलाश गटाचं. पण नावेच्या टोकाला बारीक झालर असते, उपपर्णं नसतात आणि फळ चपटं, दोन कप्प्यांचं. एवढ्यासाठी तरी भिंग हवंच.

मुळाशी काय आहे

शिंबावंत कुलातलं प्रत्येक झाड मातीला नत्र देतं हा समज सगळीकडं आहे आणि तो बरोबर नाही. नत्र झाड धरत नाही, मुळावरच्या गाठींत राहणारे जिवाणू धरतात. शेवरा, भुईगुळी, रानमेथी, उन्हाळी यांच्या मुळावर गाठी येतात. कॅमिक्रिस्टावरही येतात. पण तरोट्यावर येत नाहीत. तरोटा हिरवळीचं खत म्हणून गाडला तर तो मातीतूनच घेतलेलं अन्न परत करतो, हवेतला नत्र आणत नाही.

हे स्वतः तपासा. वावरातलं किंवा रस्त्याकडेचं, तणात मोडणारं एखादं झाड पावसानंतर मातीच्या ढेकळासकट खणा, पाण्यात माती सुटू द्या, मुळं ओढू नका. मिळालेली गाठ नखानं चिरा. आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचं काम संपलं आहे. शाळेच्या विज्ञानाच्या तासाला याहून स्वस्त प्रयोग नाही.

तोंडात घालू नका

खुळखुळ्याच्या प्रजातीबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. क्रोटालारियाच्या अनेक जातींत यकृताला घातक अल्कलॉइड असतात. १९७५-७६ साली, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या सरगुजा भागात, बारीक धान्यात खुळखुळ्याच्या एका जातीच्या बिया मिसळून गेल्या आणि ते धान्य खाणाऱ्यांना यकृताचा गंभीर आजार झाला. कित्येक जण दगावले. राळा, सावा, भगर यांसारखं बारीक धान्य घरच्या वावरात करणाऱ्यानं पाखडताना वेगळ्या, चपट्या, मूत्रपिंडासारख्या आकाराच्या चकचकीत बिया दिसल्या तर त्या काढून टाकाव्यात. मुलांना खुळखुळ्याच्या शेंगा वाजवू द्या, पण बिया तोंडात घालू देऊ नका. याच विषासाठी रुईवर वाढणाऱ्या डॅनॉस फुलपाखरांचे नर खुळखुळ्यावर येतात, आणि ते अल्कलॉइड शोषून स्वतःचं रक्षण आणि मादीसाठीचा गंध तयार करतात. दुसरी सावधगिरी भुईगुळीची. तिच्या चाऱ्यानं ऑस्ट्रेलियात घोड्यांना मज्जासंस्थेचा आजार होतो हे सिद्ध आहे. घोडा किंवा शिंगरू पाळणाऱ्यानं त्याला नुसत्या भुईगुळीच्या पट्ट्यात बांधून ठेवू नये.

औषधी म्हणून सांगितली जाणारी यांतली कुठलीही वनस्पती, नुसती ओळख पटली म्हणून, स्वतःच्या मनानं घेऊ नका.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक झाडाचे चार फोटो काढा : पट्टी शेजारी ठेवून पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, बाजूनं दिसणारं फूल आणि शेंग. सोबत तारीख, गाव, शिवाराचं नाव, जमीन मुरमाड की काळी, चराई आहे की नाही आणि गावात त्या झाडाला काय म्हणतात हे लिहा. गावातलं नाव म्हाताऱ्या गुराख्याला विचारा. अशा नोंदी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकता येतात, तिथं जाणकार नाव तपासून देतात. नमुना वाळवायचा असेल तर झाड मुळासकट उपटू नका; फूल आणि शेंग असलेली एक फांदी पुरे. ती वर्तमानपत्रात दाबा, पहिले काही दिवस रोज कागद बदला आणि सांध्यांच्या शेंगा गळतात म्हणून त्यांच्यासाठी कागदाची वेगळी पुडी करून तिथंच चिकटवा. एखाद्या जागी चार-पाचच झाडं असतील तर फोटोवरच भागवा.

पुस्तकांत डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा १९९८ साली प्रसिद्ध झालेला दोन खंडांचा ग्रंथ आपल्या भागासाठी पायाभूत आहे. थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात आलेला मुंबई इलाख्याचा ग्रंथ अजूनही वापरला जातो, पण त्या वेळी हिंगोली निजामाच्या राज्यात असल्यानं आपले डोंगर त्याच्या कक्षेबाहेर राहिले. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्याचं केंद्र आणि विद्यापीठांचे वनस्पतिशास्त्र विभाग नमुने तपासून देतात. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ हिंगोलीला जवळचं. आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी प्रत्येकी एका टेकडीची यादी केली, तरी आज नसलेली मोठी माहिती पाच वर्षांत उभी राहील.

शेवटी शेतकऱ्यांना आणि ग्रामपंचायतींना एक विनंती. धुऱ्यावर आणि गायरानाच्या कडेला तणनाशक मारू नका, आणि तिथलं गवत कापायचं किंवा जाळायचं असेल तर दिवाळी होईपर्यंत थांबा. शेवऱ्याच्या आणि रानमेथीच्या शेंगा ऑक्टोबरअखेर पिकून गळतात. कापणी त्याच्या आधी झाली तर त्या वर्षीचं बी जमिनीत पडत नाही, आणि वर्षायू जाती तर पुढच्या पावसात बियांतूनच उगवतात.